रिकामा हेक्स: त्र्यंबकच्या डोंगरात रान रचताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. बऱ्याच नवीन डीएमची एकच तक्रार असते: भुयार रचता येतं, गाव रचता येतं, पण एका गावातून दुसऱ्या गावात जाताना मधे काय ठेवायचं? म्हणजेच रान. बहुतेक टेबलांवर हे रान एका वाक्यात संपतं. "तुम्ही तीन दिवस चालता, वाटेत लांडगे भेटतात, फासे टाका."

आज आपण हे तीन दिवस उघडून बघणार आहोत, आणि त्यासाठी त्र्यंबकेश्वरचा परिसर घेणार आहोत. गेलं वर्षभर आमचं कॅम्पेन याच भूगोलावर चाललंय. नावं बदललेली, जादू घातलेली, पण डोंगर तेच. आम्ही पाच जण, दर रविवारी रात्री ऑनलाइन. मी डीएम. दिवसा मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मधेच डेटाबेसचं उदाहरण आलं तर सांभाळून घ्या.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी दोन मिनिटं. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण जग सांभाळतो, तो डीएम. रानासाठी सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे हेक्सक्रॉल. नकाशावर षटकोनांची जाळी टाकायची, प्रत्येक हेक्समध्ये काय आहे ते डीएमच्या वहीत, आणि प्लेअर एकेक हेक्स उलगडत जातात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हा रानातल्या प्रवासासाठी त्यात चक्क दुसऱ्या कंपनीचा बोर्ड वापरा असं सुचवलं होतं: अ‍ॅव्हलॉन हिलचा १९७२ सालचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल'. पुढे १९८१ मध्ये 'द आइल ऑफ ड्रेड' आलं. त्यात प्लेअरच्या हातात बेटाची किनारपट्टी मिळते, आतला भाग कोरा. हेक्सचं माप सहा मैल. ती कोरी जागा भरत जाण्याची जी मजा आहे ना, तिच्यावर आजही हजारो कॅम्पेन चालतात. बेन रॉबिन्सच्या 'वेस्ट मार्चेस'नेही तेच केलं: एक सुरक्षित गाव, बाकी सगळं अनोळखी रान, आणि कुठे जायचं ते प्लेअर ठरवणार.

मला ही पद्धत मनापासून आवडते. म्हणूनच तिच्यातली एक गोष्ट आज तपासायची आहे. कोरा हेक्स म्हणजे काय? डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं, काही नाही मिळालं. नल म्हणजे अजून माहीतच नाही. कोरा हेक्स हा नल असतो, आणि आपण तो शून्य समजून खेळतो. त्र्यंबकचा नकाशा समोर ठेवला की हे फार चालत नाही.

माप

आधी साधा हिशोब. सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या थोडं वर. एवढ्या एका हेक्समध्ये त्र्यंबक गाव, मंदिर, कुशावर्त, ब्रह्मगिरी, गंगाद्वार, दुर्गभांडार, मेटघर किल्ल्याचे पाडे हे सगळं मावतं. अंजनेरी शेजारच्या हेक्समध्ये. नाशिक तीन हेक्स दूर. म्हणजे पुस्तकाच्या मापाने आमचं अख्खं वर्षभराचं कॅम्पेन दोन-तीन हेक्समध्ये संपलं असतं.

१९८१च्या नियमांत हलक्या सामानाचा माणूस सपाटीवर दिवसाला २४ मैल जातो, डोंगरात त्याच्या निम्मे. आपल्याकडे ट्रेक केलेला माणूस यावर हसेल. हरिहरसारख्या किल्ल्यावर नकाशातलं अंतर किती आहे याला काही अर्थच नाही. कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, हाताला धरायला खोबण्या, आणि समोरून कोणी उतरत असेल तर तुम्ही थांबायचं. म्हणून मी मैल टाकून दिले आणि पहर घेतला. दिवसाचे चार, रात्रीचे चार. एका हेक्समधून दुसऱ्यात जायला किती पहर, ते वाटेवर लिहायचं. हेक्स छोटे केले, साधारण दोन किलोमीटरचे. लगेच फरक पडला: "किती लांब आहे?" याऐवजी "अंधाराच्या आत पोचू का?" असं प्लेअर विचारायला लागले.

आधी पाणी

नकाशा काढताना बहुतेक जण आधी डोंगर काढतात, मग झाडं, आणि शेवटी नदी जिथे जागा उरेल तिथून. उलटं करा. आधी पाणी कुठे पडतं, कुठे जातं, कुठे थांबतं ते काढा. बाकीचं आपोआप येतं.

त्र्यंबकची रांग हा पाणलोटाचा कणा आहे. पूर्वेकडे उतरलेलं पाणी गोदावरीत जातं आणि १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेकडे उतरलेलं पाणी वैतरणेतून अरबी समुद्रात जातं. तिच्यावरच्या धरणांचं पाणी मुंबई पिते. पाऊसही तसाच वाटला जातो. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, आणि तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकला सातशेच्या आसपास. म्हणजे तीन हेक्समध्ये भातखाचरं संपून बाजरीचा मुलूख सुरू होतो.

गेममध्ये याचा उपयोग काय? दाट धुक्यात दिशा हरवली तर पुस्तक म्हणतं फासे टाका. माझ्या टेबलवर प्लेअरना ओहोळ शोधता येतो. पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते कळलं की आपण कण्याच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळतं. मग मोह होतो की ओहोळ धरून खाली उतरावं. सह्याद्रीत फिरलेल्या कोणालाही विचारा, ओहोळ धरून उतरलात तर पुढे एखाद्या धबधब्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहता. आता फाशाच्या जागी एक निर्णय आला, आणि त्याची किंमतही आली.

दुसरं, उगम हा एक ठिपका नसतो. गोदावरीचा उगम बघायला गेलात तर ब्रह्मगिरीच्या माथ्यावर एक जागा दाखवतात. मग गंगाद्वाराला ती पुन्हा प्रकटली म्हणतात. आणि गावात कुशावर्त, जिथे गौतम ऋषींनी पळू पाहणाऱ्या गंगेला कुशाच्या गवताने अडवलं अशी कथा आहे. नदी दिसते, लपते, पुन्हा दिसते. आजही गावात ती काही ठिकाणी स्लॅबखालून जाते. "नदीचा उगम शोधा" अशी साधी मोहीम द्यायची असेल, तर तिला तीन उत्तरं असू द्या, आणि प्रत्येक उत्तरामागे ते सांगणारी वेगळी माणसं.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर पाणी नसतं. काळा कातळ, तीव्र उतार, पाणी मुरायला वावच नाही, आलं तसं वाहून जातं. उन्हाळ्यात बायका खोल विहिरीत उतरून तळाचं पाणी वाटीने भरतात. तेव्हा नकाशावर निळी रेघ काढली म्हणजे तिथे पाणी आहे असं नाही. मी प्रत्येक पाण्यासमोर महिना लिहितो. ओहोळ दिवाळीपर्यंत. झरा होळीपर्यंत. किल्ल्यावरचं कातळात खोदलेलं टाकं बारमाही, पण त्यावर कोणाचा तरी डोळा आहे. एवढ्या तीन ओळींवर आमची चार सेशन्स झाली.

मग महिने

म्हणून दुसरी पायरी कॅलेंडर. प्रत्येक हेक्सला चार नोंदी: पावसाळा, हिवाळा, कोरडा काळ, आणि पावसाच्या आधीचा महिना.

श्रावणात ब्रह्मगिरीभोवतीची वाट घ्या. एरवी सामसूम. तिसऱ्या श्रावणी सोमवारी लाखभर पावलं, छोटी प्रदक्षिणा वीसेक किलोमीटर, मोठी चाळीसेक. चिखल, धुकं, अनवाणी माणसं, रात्रभर चालणं. तोच हेक्स, पण त्या दिवशी तिथे कोणालाही लपता येतं आणि कोणालाही शोधता येत नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. आणि १२ वर्षांनी सिंहस्थ: २०१५ला झाला, पुढचा २०२६-२७ला. शैव आखाडे त्र्यंबकला, वैष्णव नाशिकला. एवढी मोठी गर्दी एका डोंगरी गावात उतरणार म्हटल्यावर आधीची दोन वर्षं रस्ते, जमिनी, पाणी या सगळ्याची ओढाताण होते. तुमच्या जगात असा १२ वर्षांचा एखादा घड्याळाचा काटा ठेवा आणि कॅम्पेन सोहळ्याच्या दोन वर्षं आधी सुरू करा. खलनायक वेगळा शोधायला लागत नाही.

भात कापून झाला की पाड्यांवरची तरणी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मग पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं. गेममध्ये याचा अर्थ: पावसाळ्यात भेटलेला वाटाड्या माघात घरी नसतो. त्याची आजी असते. तिला जास्त माहिती असते, पण ती तुमच्याबरोबर डोंगर चढणार नाही.

एक खरी जागा सांगतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाडा आहे. तिथे तास नदीच्या खोल घळीवरून बायका लाकडी ओंडक्यावरून हंडे घेऊन जायच्या. फोटो सगळीकडे गेले, तेव्हा २०२२च्या जानेवारीत लोखंडी पूल बसवला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. मी प्लेअरना हे सांगितलं नव्हतं, फक्त तशी एक घळ ठेवली. हिवाळ्यात त्यांनी पूल बघितला आणि नकाशावर पक्क्या शाईने काढला. आषाढात परत आले तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जखमी माणूस होता, आणि ओंडक्यावरून कसं जायचं हे फक्त पाड्यातल्या बायकांना माहीत होतं. राक्षस एकही नव्हता. आमच्या पॅलाडिनने त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा चिलखत काढलं.

जमिनीचे शब्द

इंग्रजी पुस्तकांत भूभागाचे प्रकार पाच-सहा: मैदान, जंगल, टेकडी, डोंगर, दलदल. आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे, ती वापरा. खिंड, घाट, नाळ, घळ, सोंड, माची, कडा, सुळका, पठार, खोरं. यातला प्रत्येक शब्द माणूस तिथून कसा जाईल ते सांगतो. सोंडेवरून चढता येतं, वारा लागतो, लांबून दिसता. नाळेतून चढलात तर कोणाला दिसत नाही, पण वरून दगड आला की हलायला जागा नाही. खिंडीत कोणी ना कोणी भेटतंच, कारण सगळ्यांना तिथूनच जायचं असतं. हरिहर बांधला गेला तोच गोंडा घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला. किल्ला कुठे ठेवायचा हा प्रश्न पडला तर आधी घाट काढा, माल कुठून कुठे जातो ते काढा, किल्ल्याची जागा नकाशाच दाखवेल.

आणि दुर्गभांडार. ब्रह्मगिरीला एका अरुंद कातळी पट्टीने जोडलेला, दोन्ही बाजूंना खोल दरी, पलीकडे कातळात खोदलेला जिना. कुठल्याही फॅन्टसी चित्रकाराने हे काढलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

तिथे कोण आहे

आता खरा अवघड भाग.

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधी नियम ठरवायला बसलो तेव्हा, आम्ही जुन्या पुस्तकांतले एन्काउंटरचे तक्ते वाचत होतो. रानात काय भेटेल ते फाशांवर ठरवणारे तक्ते. १९७४च्या मूळ यादीत दरोडेखोर, भटके, गुहेत राहणारे असे माणसांचे प्रकार राक्षसांच्याच यादीत आहेत. ऑर्क, ओगर, भटके. तेव्हा अमेरिकेत ते कोणाला खटकलं नसेल. आमच्यातल्या एकीचं आजोळ हरसूलकडचं. तिने तक्ता शांतपणे वाचला आणि विचारलं, "यात माझी आजी कितव्या आकड्यावर येते?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. कारण आम्ही ठरवलेला भूगोल तिच्या आजोळचा होता, आणि त्यातल्या 'रिकाम्या' हेक्समध्ये कोणीतरी राहतंच. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर, कातकरी. प्रत्येक उताराला नाव आहे, प्रत्येक वडाखाली कोणीतरी बसतं. ब्रह्मगिरीच्या खांद्यावरच्या वस्त्यांच्या नावात 'मेट' येतं. मेट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची चौकी. आपण ज्याला डोंगरातला एकाकी पाडा म्हणतो, ती एकेकाळी किल्ल्याची राखण करणाऱ्यांची जागा होती. किल्ला १६३६ला शहाजीराजांकडून मोगलांकडे गेला, १८१८ला इंग्रजांनी घेतला. मालक बदलले. मेट तिथेच आहे.

तिच्या प्रश्नावर आमच्या फायटरने जो मुद्दा मांडला, तोही नीट ऐकण्यासारखा आहे. तो म्हणाला, "सगळ्याला मालक असेल, सगळ्याला नाव असेल, तर मी शोधायचं काय? मला आठवडाभर ऑफिसात परवानग्याच मागायच्या असतात. रविवारी तरी कोऱ्या जागेत जाऊ दे." यात तथ्य आहे. कोऱ्या जागेची ओढ खोटी नाही. मी तिला नावं ठेवणार नाही, मीही तिच्यामुळेच या खेळात आलो.

आम्ही काय केलं ते सांगतो. तीन नियम.

पहिला: माणसं एन्काउंटरच्या तक्त्यात नाहीत. तक्त्यात हवामान, जनावरं, आवाज, खुणा. माणसं नकाशावर, नावासकट, आणि आज ती काय करताहेत यासकट. राब भाजताहेत, नागली झोडताहेत, करवंदं विकायला निघालीत.

दुसरा: प्रत्येक जागेला एकाहून जास्त नावं. हे मी बनवलेलं नाही. ब्रह्मगिरी आणि त्र्यंबकगड, हरिहर आणि हर्षगड, भास्करगड आणि बसगड, ही सगळी जोडनावं खरी आहेत. माझ्या जगात देवळातलं नाव वेगळं, सरकारी नकाशातलं वेगळं, पाड्यातलं वेगळं. तुम्ही कुठलं नाव घेता त्यावरून समोरच्याला कळतं तुम्ही कोणाकडून शिकलात. प्रतिक्रियेचा फासा आम्ही ठेवलाय, दोन सहा-बाजूंचे फासे, जुन्या पद्धतीने. पण योग्य नाव घेतलंत तर अधिक दोन.

तिसरा: अनुभवाचे पॉइंट राक्षस मारून किंवा हेक्स 'साफ' करून मिळत नाहीत. जागेचं पाड्यातलं नाव कळलं की मिळतात, आणि त्या नावामागची गोष्ट कळली की दुप्पट. शोध संपला नाही, शोधण्याची गोष्ट बदलली.

फायटरने सहा सेशननंतर गेम सोडला. भांडण वगैरे काही नाही, अजून चहाला भेटतो. त्याला तो दुसरा खेळ हवा होता आणि त्याला तो मिळालाय. हे मुद्दाम सांगतोय, कारण या पद्धतीत काही मिळतं तसं काही जातंही. सेशन झिरोलाच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट तिने स्पष्ट सांगितली, ती जशीच्या तशी पाळतो. वाघदेवाचं स्टॅट ब्लॉक बनवायचं नाही. या भागात लाकडी पाटावर वाघ, चंद्र, सूर्य कोरून शिवेवर वाघदेव बसवतात, आणि आपल्याकडे वसुबारस असते त्या दिवशी वाघबारस करतात. लोक आजही त्याला नैवेद्य दाखवतात. त्याला ४० हिट पॉइंट देणं बरं नाही. माझ्या जगात शिवेवरचा खांब आहे, त्याच्या पुढे काही नियम लागू होतात. खांबात कोण आहे, हे फाशांवर ठरत नाही.

भेटलं तर काय होतं

एन्काउंटर म्हणजे लढाई, ही सवय कशी मोडायची? त्र्यंबकचीच एक कथा घ्या. निवृत्ती, ज्ञानदेव ही भावंडं आईवडिलांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती. वाटेत वाघ आला. पळापळीत निवृत्ती वेगळा झाला, एका गुहेत शिरला, आणि तिथे गहिनीनाथ भेटले. तिथून नाथपंथाचा धागा वारकऱ्यांपर्यंत आला, असं परंपरा सांगते. डीएमच्या नजरेने बघा: वाघाशी कोणी लढलं नाही. वाघाने मंडळी फोडली आणि एकाची वाट बदलली. तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक जनावरासमोर "काय नुकसान करतं" याऐवजी "कोणाला कुठे ढकलतं" असा रकाना आहे.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. १९९०च्या दशकापासून भारतात काही जातींची गिधाडं ९० टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण निघालं गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं गेली. २००६ला जनावरांसाठी ते बंद झालं. हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवायची जागा केली, लोक तिला गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. आता हे रानात कसं आणायचं? खालच्या बाजारात एक वैद्य गुरांसाठी नवा काढा विकतो. गुरं बरी होतात, सगळे खूश. दोन महिन्यांनी कड्यावरची घरटी रिकामी. आणखी दोन महिन्यांनी ओढ्यात सडलेली ढोरं, मोकाट कुत्री, ताप. प्लेअर तापाच्या टोकाने आत शिरतात आणि धागा उलटा ओढत कड्यापर्यंत पोचतात. त्यांना 'रानाची तब्येत' असा आकडा सांगायची गरज नाही. वर बघितलं की कळतं, आज आकाशात किती पंख आहेत.

रस्ता

शेवटचा भाग. अंजनेरीला २०१७मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलफूल मिळतं, त्याचं नावच या डोंगरावरून पडलंय. काही वर्षांपूर्वी पायथ्यापासून वरपर्यंत गाडीरस्त्याचा प्रस्ताव आला, हनुमान जन्मस्थान म्हणून भाविक येतात त्यांच्या सोयीसाठी. निसर्गप्रेमींनी विरोध केला. बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

अकराव्या सेशनला मी हाच प्रश्न टेबलवर ठेवला. राजाचा कारभारी येतो, चार हजार मोहरा देतो, काम एवढंच: माथ्यापर्यंत रस्त्याची आखणी करून द्या. वर्षभर ज्या वाटा तुम्ही शिकलात, त्या आता विकायच्या.

मला वाटलं होतं दहा मिनिटांत नाही म्हणतील. दोन सेशन वाद चालला. कारण पाड्यातल्या पात्रांनाही रस्ता हवा होता. बाळंतीण अडली तर तिला डोली करून दोन पहर उतरवायला लागतं. हे खऱ्या त्र्यंबक-इगतपुरीच्या पाड्यांवर आजही होतं. शहरातून ट्रेकला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना "रान तसंच राहू दे" म्हणणं सोपं असतं, आपण संध्याकाळी परत निघतो. हरसूलवालीच्या पात्राने आखणी घेतली आणि रेघ मारली: रस्ता पाड्यापर्यंत. तिथून वर नाही. कारभारी म्हणाला, मग मोहरा नाहीत, पाड्यापर्यंतच्या रस्त्याला राजा पैसे देत नाही.

आमचं कॅम्पेन सध्या इथे आहे. त्यांच्याकडे योग्य नकाशा आहे आणि पैसे नाहीत. पुढे काय होणार मला ठाऊक नाही, आणि मी फासे टाकून ठरवणार नाही.

करून बघा

ज्यांना या आठवड्यातच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, एका संध्याकाळचं काम. तुमच्या माहितीचा एक डोंगर घ्या. पाणी कुठे जातं ते काढा, प्रत्येक पाण्यासमोर महिना लिहा. दोन किलोमीटरचे सात हेक्स, मधे एक, भोवती सहा. प्रत्येकाला जाण्यायेण्याचे पहर. प्रत्येकाला दोन नावं. कुठल्याही तीन हेक्समध्ये माणसं, आणि ती या महिन्यात काय करताहेत. एक पूल जो वर्षभर टिकत नाही. एक जनावर जे कोणाला तरी कुठेतरी ढकलतं. झालं, पाच-सहा सेशनचं रान तयार.

आणि जमलं तर टेबलवर अशा कोणाला तरी बोलवा, ज्याचं आजोळ त्या डोंगरात आहे. खेळायला बोलवा, माहिती विचारायला नव्हे. तिने प्रश्न विचारला तर सेशन थोडं लांबेल, तेवढा वेळ ठेवा.

पुढच्या भागात घाटवाटांवरचा व्यापार: जकात, बैल, मीठ, आणि सोन्याच्या नाण्यांशिवाय चालणारी अर्थव्यवस्था. तुमच्या डोंगराचे सात हेक्स काढलेत तर पाठवा, दोन-तीन आपण इथे उलगडून बघू. भेटू. काळजी घ्या.